ट्रेलरमधले बाबा

सिनेमा लागायला अजून आठवडा होता, पण आमच्या घरी ट्रेलरच हाउसफुल्ल चालला होता. माझे सासरे युद्धात पाय गमावून आलेले. खरा तुटका पाय हवा म्हणून शूटिंगवाल्यांनी त्यांना एक दिवस नेलं होतं. ट्रेलरमध्ये ते जेमतेम दिसतात. तंबूतल्या खाटेवर बाबा, युद्धकाळातले ते थोर सेनापतीसाहेब त्यांच्यापाशी गुडघे टेकून बसलेले, बाबा त्यांचा हात धरून काहीतरी बोलतायत आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी. वरून व्हायोलिन.

शेजारच्या वहिनींनी डोळे पुसले. "काय अ‍ॅक्टिंग केलीय हो काकांनी!"

"अ‍ॅक्टिंग कसली? मला नुसतं पडून राहायला सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "आणि खरे साहेब तेव्हा माझ्या खाटेपाशी आले होते, तो नट काही त्यांच्यासारखा वाटत नाही. नाक वेगळं, आवाज वेगळा."

"पण बाबा, तुम्ही त्याला म्हणताय काय?" मी विचारलं. "मेल्यांनी तुमचा आवाजच काढून टाकलाय."

"विचारलं, टेकडी हातची गेली हे तुम्हाला कळलं होतं, तर आम्हाला माघारी का नाही बोलावलंत?"

"अगं बाई! मग?"

"मग काय? मान खाली घातली, डोळ्यांत पाणी आणलं आणि एक शब्द न बोलता पुढच्या खाटेकडे गेला." बाबांनी कुबडी जवळ ओढली. "तेवढं मात्र पठ्ठ्यानं अगदी साहेबांसारखं केलं."