उजवी बाजू

“भोंगा डाव्या अंगाला लावा रे. उजव्या कानानं म्हाताऱ्याला काय ऐकू येणार हाय?”

हार घातलेल्या फोटोकडं बघत भावकीतल्या भुजंगनं असं म्हटलं आणि मघापासून डोळे पुसणारा सगळा मंडप हसला. सरजाबाईही हसली. नवरा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला हसू नये, हे तिला कळत होतं. पण नरसिंगच्या कानाचा विषय निघाला की गावात कुणालाच हसू आवरत नसे.

एकाहत्तरच्या लढाईत तोफेचा गोळा जवळ फुटला आणि उजवा कान गेला, एवढंच त्यानं गावाला सांगितलं होतं. लढाईचं बाकी काही तो बोलत नसे. लोकांनी मात्र त्या कानाचा पुरेपूर फायदा घेतला. ज्याचं काम असेल तो डावीकडं बसे, ज्याला शिव्या घालायच्या असतील तो उजवीकडं. सरजाबाईची जागा तर कायमची उजवीकडं. “डावी बाजू गावाची, उजवी तुझी,” असं तो म्हणे. त्या बाजूला बसून ती पन्नास वर्षं धुसफुसली, सासूची गाऱ्हाणी सांगून रडली. तो आपला निवांत सुपारी कातरत बसे. ऐकू न येणारा नवरा मिळायला नशीब लागतं, असं बायका म्हणत.

बुद्धवंदना झाली. माणसं एकेक करून बोलायला उठली. पेन्शनीला आल्यावर नरसिंगनं गावची पोरं पहाटे कंधारच्या रस्त्यानं पळवली होती. त्यातली कितीतरी फौजेत गेली. वस्तीला नळ देत नव्हते तेव्हा तो छातीवर बिल्ले लावून पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसला आणि पाणी येईस्तोवर उठला नाही. असा माणूस पुन्हा होणे नाही, असं जो तो म्हणत होता, आणि ते खरंच होतं.

मग मुलगा प्रीतम उठला. नायगावला मुख्याध्यापक, पन्नाशी ओलांडलेला माणूस. पण माइक हातात आला आणि लेकरासारखा रडला.

“हॉस्टेलात मला कावीळ झाली होती,” तो म्हणाला. “दादांना रजा मिळेना. रजा देत नसाल तर नोकरी घ्या, असं साहेबाला बोलून ते आले. नांदेडपासून मला मांडीवर घेऊन आणलं. मी त्यांचं रक्त आहे, याहून मोठं माझ्यापाशी काही नाही.”

“चाल बघ, बोलणं बघ. डिट्टो बाप हाय,” शेजारची कोंडाबाई सरजाबाईला म्हणाली.

सरजाबाईनं पदर तोंडाला लावला.

बहात्तरच्या दुष्काळात ती जळकोटकडं माहेरी बाळंत झाली होती. अंगावरचं पोर घेऊन आईसोबत सरकारी कामावर खडी फोडायला जायची. पोर तिथंच तापानं गेलं. लगोलग शेजारच्या पालातली एक बाई गेली. तिचं तान्हं भुकेनं किंचाळत होतं, उचलायला कुणी नव्हतं. सरजाबाईची छाती दुधानं ठणकत होती. तिनं ते पोर छातीला लावलं. नरसिंगनं सीमेवरून कळवलेलं नाव त्यालाच दिलं. सासरी कुणी पोर पाहिलेलं नव्हतं. तिच्या आईला तेवढं ठाऊक होतं, आणि आई जाऊन जमाना झाला.

नरसिंग रजेवर आला त्या पहिल्याच रात्री तिनं सांगून टाकलं. तो डाव्या कुशीवर निजला होता. दिवा मालवून तिनं त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तो हलला नाही, बोलला नाही. उत्तराची वाट बघत तिनं रात्र काढली. उजाडल्यावर बाहेर येऊन बघते, तर पोराला खांद्यावर टाकून तो अंगणात फिरत होता आणि आपल्या आईला सांगत होता, “माय, उजव्या कानानं ऐकू येत न्हाई मला. तोफेनं गेला.”

सरजाबाईला सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं. पुन्हा सांगायची छाती झाली नाही.

नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं मनाचा हिय्या केला. ती त्याच्या डाव्या कानाशी वाकली, तर त्यानं हातानं पलीकडं खुणावलं. “तिकडं नको. तुझ्या बाजूला बस.” ती उठून उजवीकडं जाऊन बसली. संध्याकाळी तो गेला. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि आपण त्याला फसवून धाडलं. घासभर अन्न गोड लागत नव्हतं तिला तेव्हापासून.

भाषणं संपली. देगलूरकडून आलेला एक म्हातारा काठी टेकत फोटोपुढं गेला आणि त्यानं कडक सलाम ठोकला. तो शंकरप्पा, नरसिंगच्याच पलटणीतला. दोघं एकाच दिवशी पेन्शनीला निघाले होते. नात धम्मप्रियानं त्याला आजीशेजारी खुर्ची दिली, चहा आणून दिला.

“लई नेक माणूस, वहिनी,” शंकरप्पा म्हणाला. “खंदकात माझ्या वाटणीचा पहारा बी त्यानं दिला.”

“तुमी जवळ व्हता ना, तो गोळा फुटला तवा?” सरजाबाईनं विचारलं. “लई रगत गेलं असंल. मला कधी बोलले न्हाईत.”

“कोन्ता गोळा?”

“त्यो न्हाई का, तेंचा उजवा कान गेला त्यो.”

शंकरप्पानं कप खाली ठेवला.

“कोन बोललं तुमाला? दुश्मनाची चाहूल घ्यायला रातच्याला कायम नरसिंगलाच पुढं बसवत होते. पेन्शनीला निघालो तवा डाक्टरनं दोघांचे कान तपासले, वहिनी. माझा एक गेला होता. त्याचे दोन्ही सलामत होते.”