दंतमंजनाची बरणी

काकूंनी तोंड उघडलं आणि डॉक्टरचा हात थबकला. हिरड्यांच्या कडेने दातांवर खाचा पडल्या होत्या, कानस फिरवल्यासारख्या. वरचं पांढरं झिजून आतलं पिवळं दिसत होतं. लाळ ओढणारी नळी धरून शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोलाही ते दिसलं. दोघांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे विचारायचं ते तिने डोळ्यांनी विचारलं. डॉक्टरने नजर चुकवली.

गार पाणी प्यायलं की थेट मस्तकात कळ जाते, अशी काकूंची तक्रार होती. खुर्चीत बसल्या तरी मांडीवरची काचेची बरणी काही त्यांनी सोडली नव्हती. बरणी रिकामी होती, आज भरून न्यायची होती. त्यातलं कोळशाचं दंतमंजन डॉक्टरच्या बायकोच्या हातचं. पेस्टच्या ट्यूबा आणि ब्रश वर्षानुवर्षं कचऱ्यात पडून राहतात, कुजत नाहीत की सडत नाहीत, म्हणून तिने हा खटाटोप मांडला होता. करवंट्या जाळायच्या, कुटायच्या, मीठ घालायचं, बरणीत भरून द्यायचं. अर्धी गल्ली आता बांबूच्या ब्रशने दात घासून काळी चूळ टाकत होती, आणि काकू तर तिचं पहिलं गिऱ्हाईक.

"दोन्ही वेळा घासते, पोरी," नळी बाहेर निघताच काकू म्हणाल्या. "तू केलंयस म्हटल्यावर हाताला जोर येतो."

तिचा जीव टांगणीला लागला. नवऱ्याने एवढंच म्हणायचं होतं, की मंजन भरड आहे. ते ऐकायची तिला भीती वाटत होती, आणि त्याने ते बोलावं असंही वाटत होतं.

"जोर जरा जास्त होतोय, काकू," डॉक्टर म्हणाला. "हात हलका ठेवा. बाकी काही नाही."

तिला हायसं वाटलं, आणि लगोलग स्वतःची लाजही वाटली. काकू बिचाऱ्या ओशाळल्या. आपला हात पहिल्यापासून जडच, असं म्हणून त्यांनी सगळा दोष अंगावर घेतला. कळ थांबवायला एक लेप लावू, म्हणून डॉक्टरने सांगितलं, तशी ती आतल्या टेबलाकडे वळली. राहू दे, मी घेतो, असं तो घाईघाईने म्हणाला. तोवर तिने खण उघडला होता.

लेपाच्या बाटलीमागे पेस्टची ट्यूब होती, खालून गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत आलेली. शेजारी प्लास्टिकचा ब्रश, अजून ओला. घरी तर हा रोज सकाळी मंजनाची बरणी घेऊन मोरीचं दार लावायचा आणि बाहेर येऊन "झकास" म्हणायचा.

तिने येऊन बाटली ट्रेमध्ये ठेवली. बाटलीशेजारी ट्यूब ठेवली.

"काकू, तुमच्या हाताचा दोष नाही," ती म्हणाली. "माझं मंजन भरड आहे. डॉक्टर स्वतः हे वापरतात."

काकूंनी ट्यूबकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. डॉक्टरने खाली मान घालून लेप लावला. निघताना काकूंनी बरणी उचलली, परत खाली ठेवली आणि तशाच गेल्या.

तुला वाईट वाटलं असतं, एवढ्या हौसेने करत होतीस, असं काहीतरी डॉक्टर दार लावता लावता पुटपुटला.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच बरणीला."

तिने मास्क काढला. खुर्ची काकूंच्या अंगाने अजून उबदार होती. तिने तीत बसून मान मागे टेकवली.

"आता माझे बघ," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

त्याने दिवा तिच्यावर ओढला, आरसा हातात घेतला. हात मात्र पुढे जाईना. उन्हाळा लागल्यापासून ती घरात पाणी कोमट करून पीत होती. गार पाण्याने घसा धरतो, असं ती म्हणाली होती, आणि त्याने ते मान्य करून टाकलं होतं.