मिठाच्या कणाएवढा

मुलगा मोठा वाडगा आणि बारीक नळी घेऊन खोलीत आला आणि पलंगावर बसलेल्या आईला वळसा घालून थेट काचेच्या टाकीसमोर जाऊन बसला.

"काय बाई, जेवलीस का?" त्यानं विचारलं.

आई काही बोलली नाही. पहिल्या दिवशी ती फसली होती. "हो रे, मघाशीच," असं तिनं मोठ्या आनंदानं सांगितलं होतं, आणि मुलगा दचकून मागे वळला होता. तो माशाशी बोलत होता. 'बाई' म्हणजे टाकीतल्या दोन माशांतला थोराड मासा, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला. या जातीत थोराड असते ती मादी आणि जोडीत तिचंच राज्य, असं मुलाचं म्हणणं. दारात उभ्या असलेल्या सुनेला तेव्हा हसू आवरलं नव्हतं. त्या दिवसापासून आईनं कानाला खडा लावला होता.

ही क्लाउनफिशची जोडी गेल्या महिन्यात घरात आली. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टाकीत नव्या माशांना एकदम सोडत नाहीत. ते एखादा रोग घेऊन आलेले असले, तर जुने सगळे मरायचे. म्हणून महिनाभर वेगळं ठेवायचं. कुठे, तर आईच्या खोलीत. "तुझ्याकडे वर्दळ नसते ना," मुलगा म्हणाला होता.

नव्हतीच. आई या घरी राहायला आल्यापासून तो दारातूनच "बरी आहेस ना?" म्हणायचा आणि उत्तर यायच्या आत चपला घालायचा. आता तोच सकाळ-संध्याकाळ खुर्ची ओढून इथं बसत होता. पाणी तपासायचा, तळाची घाण ओढून काढायचा, एकेक दाणा टाकून कोण खातंय ते बघायचा. बसायचा मात्र आईकडे पाठ करून.

आईचा नुसता जळफळाट व्हायचा. बोटभर लांबीचे जीव, हाक मारली तर ओ देत नाहीत, आणि लाड केवढे त्यांचे! एकदा टाकीच्या हवेच्या पंपाचं बटण बंद करून टाकावं असंसुद्धा तिच्या मनात आलं. केलं नाही. मुक्या जिवावर कसला सूड उगवायचा? आणि पाठ तर पाठ, पण मुलाची ती पाठ या खोलीत असायची, हे तिलाही कळत होतं.

आज महिना भरला होता.

मुलानं मोठ्या टाकीतलं पाणी बादलीत आणून स्टुलावर ठेवलं, नळीला सैलसर गाठ मारली आणि वाडग्यात थेंब नीट पडतात का ते पाहू लागला.

"एवढा खटाटोप कशाला?" आई म्हणाली. "इथून तिथं तर न्यायचंय."

"थेंबाथेंबानं सवय करावी लागते, आई. नव्या पाण्यात एकदम टाकलं की धसका घेतात."

"मला नाही कुणी थेंबाथेंबानं आणलं."

मुलगा हसला. त्याला ती गंमत वाटली.

"अहो, मोठ्या टाकीचा दिवा मालवलाय," बाहेरून सुनेचा आवाज आला. "आणताय ना?"

"आणतो, आणतो." मासे वाडग्यात घ्यायला त्यानं जाळी उचलली.

उद्या या कोपऱ्यात पुन्हा घडी केलेल्या चादरी येणार आणि मुलगा पुन्हा दारातूनच परतणार.

"थांब," ती म्हणाली. "बाईच्या अंगावर ठिपका आहे."

जाळी हातातच राहिली. "कसला ठिपका?"

"पांढरा. मिठाच्या कणाएवढा. तूच सांगत होतास ना, असा ठिपका दिसला तर पुन्हा पहिल्यापासून महिना मोजायचा म्हणून?"

"कुठे आहे?"

"शेपटीजवळ. मघाशी चांगला दिसत होता."

मुलानं टॉर्च आणला. काचेला नाक लावून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. बाई ऐटीत फेऱ्या मारत होती, अगदी ठणठणीत.

"मला तर काही दिसत नाही."

"तू येऊन-जाऊन असतोस. दिवसभर मीच बघते त्यांना."

टॉर्च ठेवायला त्यानं खिडकीकडे हात नेला. तिथं माशांच्या खाण्याच्या डबीशेजारी आईचा चष्मा पडला होता. एक काडी मोडलेला. 'दुकानात दाखवून आण रे,' असं तिनं मासे यायच्याही आधी सांगितलं होतं. रोज दोनदा तो त्या चष्म्याशेजारची डबी उचलत होता. चष्मा नसला तर आईला समोरच्या घड्याळाचे काटे दिसत नाहीत.

त्यानं वळून आईकडे पाहिलं. आई मान ताठ करून टाकीकडे बघत होती. आता माघार घ्यायची नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"अहो, काय झालं?" सुनेनं विचारलं.

"ठिपका आहे," तो म्हणाला. "आईला दिसला. राहू देत अजून महिनाभर इथंच."

त्यानं नळी गुंडाळली आणि चष्मा खिशात घातला. मग खुर्ची उचलून पलंगाकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसला.

"जेवलीस का?"

आईनं नजर टाकीवरच ठेवली. एकदा हसं झालं होतं तेवढं पुरे होतं.

"आई, तुला विचारतोय."

"आधी तिला विचार," आई टाकीकडे मान उडवत म्हणाली. "नाहीतर रुसेल ती."