तोच फोटो

गृहप्रवेशाच्या फ्लेक्ससाठी जोडप्याचा फोटो देताना विजयेंद्र म्हणाला होता, "बायकोच्या गळ्यावरचे डाग तेवढे काढा, मॅडम. बाथरूममध्ये पडली." पडलेल्या बाईच्या गळ्यावर पाच बोटं उमटत नाहीत, हे डिझायनर संयुक्ताला दिसत होतं. तरी गुमान कातडीच्या रंगाचा एक लेयर चढवून तिने गळा साफ करून दिला.

दोन महिन्यांनी तो परत आला. "त्याच फोटोतून फक्त बायकोला घ्या. श्रद्धांजलीचं पोस्टर करायचंय. या वेळी जिन्यात पडली. शंभर प्रती छापा, आणि तुमचीच माणसं पाठवून आपल्या वेलचेरी भागात सगळीकडे चिकटवा."

संयुक्ताने जुनी फाईल उघडली आणि चढवलेला लेयर काढून टाकला. गळ्यावर पाचही बोटं पुन्हा उमटली. मग तिने शंभरच्या जागी पाचशे प्रती छापायला टाकल्या.