डावा कान

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दवाखान्याची पाटी नवी होती, नळ कोरडा.

पंचशीलाचा डावा कान वाहायचा थांबेना. डॉक्टरांनी पू तपासून आणला, तर जंतू साचलेल्या पाण्यातला निघाला.

"बाई, ही पोहायला जाते का?"

"पेयाला पानी न्हाई सायब, पवतंय कोण?" तिची आई नागुबाई चिडूनच म्हणाली. घरी पाणी भरायचं राहिलेलं, तिची नजर सारखी दाराकडं.

डॉक्टर पुन्हा रिपोर्ट वाचू लागले, तेव्हा पोरच बोलली, "मी हिरीत उतरते. तळाच्या कपारीत झिरा हाय. वाटी भराया आडवं पडावं लागतंय, मग खालचा कान बुडतो."

"मोठं कुणी का उतरत नाही?"

"मोठ्यांचे खांदे आत जात न्हाईत."

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. "महिनाभर हा कान भिजता कामा नये. नाहीतर ऐकू येणं जाईल."

नागुबाईनं पदर धरून उभ्या असलेल्या धाकटीला पुढं ओढलं आणि तिचे खांदे वितीनं मोजले.

पंचशीला घाईनं म्हणाली, "माय, तिला अंधाराचं लई भ्या वाटतंय. मी उजव्या कुशीवर पडत जाईन की."