दुपारचं धुणं
रिकामं वॉशिंग मशीन. आतून लावलेली बाथरूमची कडी. प्लास्टिकचं स्टूल. तोंडात कोंबलेला टॉवेल. बावीस वर्षांची लेक विशेष मुलांच्या कार्यशाळेतून येऊन जेवली, की आई रोज दुपारी अशी रडून घ्यायची. मशीनच्या घरघरीत हुंदके लपायचे. आज ती बाहेर आली, तर सोफ्यावर जाऊबाई. दार लेकीनंच उघडलेलं. “तीन माणसांचं एवढं कसलं गं धुणं?” जाऊबाई हसल्या. “येईन तेव्हा मशीन चालूच.” डोळे पुसत आई बोलून गेली, “हिचंच हो. अजून अंथरूण ओलं करते.” “अगंबाई, एवढी घोडी होऊनही?” लेक आईकडे बघत राहिली. मग तिनं आपली चादर ओढत आणली, मशीनमध्ये कोंबली आणि बटण दाबलं. “आता नाही करणार, आई.” काचेआड कोरडी चादर भिजू लागली. सातव्या वर्षानंतर लेकीनं अंथरूण कधीच ओलं केलं नव्हतं.