बारोनेझाची खूण

दोर्वालिनोने जाळं फेकलं. सुरेख उघडलं ते. ताटासारखं गोल होऊन पाण्यावर सपाट पडलं आणि कडेच्या शिशाच्या गोळ्या एकदम बुडाल्या. त्याने दोरी ओढली. जाळ्यात शेवाळ होतं आणि एक खेकडा, तोही एका नांगीचा.

"पिंगो होता रे तो, पिंगो!" रांगेतून झेनिर ओरडला. "आईला सोडून लेकराच्या खुणेवर जाळं टाकतोस?"

खाडीच्या तोंडाशी, छातीभर गार पाण्यात, पाच जण रांगेने उभे होते. समोर बारोनेझाचं काम चाललेलं. ही डॉल्फिन बोयी माशांचा थवा हाकत हाकत काठाशी आणायची आणि रांगेतल्या पहिल्या माणसासमोर पाण्यावर डोकं आपटायची. आपटलं की त्याच क्षणी जाळं पडलं पाहिजे. तिचा पिंगो आता दोन वर्षांचा झाला होता आणि आईचं बघून तोही डोकं आपटायला शिकला होता. मासे आणायचं तेवढं राहिलं होतं. दोघांतला फरक एकच: आईच्या पाठीवरच्या पंखाला खाच होती, लेकराच्या नव्हती. ती खाच वीस हातांवरून दिसते. निदान दिसायला हवी.

एकदा टाकलं की पाळी संपली. जाळं भरो, नाहीतर रिकामं येवो. दोर्वालिनो दोन तास उभा राहून पहिला आला होता. तो पाणी कापत शेवटाला निघाला.

"ऊन आलं डोळ्यांवर," तो म्हणाला.

"ऊन?" इझालटिनोने आभाळाकडे पाहिलं. हा दोर्वालिनोच्या बायकोचा भाऊ, आतापर्यंत रांगेत शेवटचा. "दाजी, आज सकाळपासून सूर्याने तोंड दाखवलेलं नाही." मग आवाज खाली आणून, "खाच दिसली नाही ना?"

"तू तुझं जाळं सांभाळ."

खूण वाया गेली की ती एकट्याची जात नाही. डॉल्फिनचा विरस झाला की ती सरळ पलीकडच्या काठावरच्या रांगेकडे जाते आणि इथले पाचही जण चुलीपाशी हात हलवत परततात. म्हणून ज्याची नजर गेली, त्याला पाण्यात उभं राहता येत नाही. गेल्या मोसमात ओसोरियोला असंच काठावर बसवलं होतं, मासे साफ करायला. त्याला सगळे मानाने वागवत. बसायला पाट, हातात गरम कॉफी, संध्याकाळी न मागता दोन बोयी. दोर्वालिनोला त्या मानाचीच धास्ती होती.

रांग सरकली. झेनिरला नऊ मिळाले, सगळे गाभोळीचे, अंड्यांनी भरलेले, आणि ते त्याने दोनदा मोजून दाखवले. इझालटिनोला सहा. तासाभराने दोर्वालिनो पुन्हा पहिला आला. जाळ्याची कड त्याने दातांत धरली, दोरी मनगटाला गुंडाळली आणि डोळे बारीक केले.

समोर काहीतरी काळं उसळलं. आपटलं.

आई की लेकरू? खाच शोधली. सगळंच खाचाखाचांचं दिसत होतं. पुन्हा नाही फसायचो, असं त्याने ठरवलं आणि तो जाळं दातांत धरून तसाच उभा राहिला.

मग मांड्यांवर धडका बसू लागल्या. एक, दोन, मग मोजता येईनात इतक्या. अख्खा थवा त्याच्या पायांमधून वाट काढून निघून गेला.

"टाक! अरे टाक की, मेल्या!"

"गेला! गेला सगळा थवा!"

"खांब रोवलाय का रे तुला?" झेनिरने पाण्यावर थापा मारल्या. "मासे येऊन पाय धुऊन गेले याचे! उद्या ओसोरियोशेजारी दुसरा पाट मांडतो, थांब."

दोर्वालिनोने दातांतून जाळं काढलं. "पिंगोच होता."

"पिंगो त्या तिकडे, पक्ष्यांमागे खेळतोय!"

त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे पाळी अजून त्याचीच होती. जाळं टाकलं नव्हतं, तेव्हा जागा सोडायची नव्हती. ज्या आजोबांनी नियम केला, त्यांचेच नातू आता त्याच नियमाला शिव्या देत उभे राहिले.

पाणी सपाट पडलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. झेनिर पलीकडच्या काठाकडे बघत होता. तिथे कुणीतरी ओरडलं की समजायचं, बारोनेझा गेली.

ती गेली नव्हती. वीस हातांवर नाही, दहावर नाही, ती थेट दोर्वालिनोच्या पुढ्यात वर आली. तिच्या श्वासाचा फवारा त्याच्या तोंडावर उडाला, ओला, माशांच्या वासाचा. पंख त्याच्या नाकाखालून सरकत गेला. खाच एवढी जवळ होती की बोट घालता आलं असतं. मग तिने डोकं असं आपटलं की पाणी त्याच्या नाकातोंडात गेलं.

त्याने जाळं फेकलं.

ओढायला दोघं लागले. दुसरं टोक इझालटिनोने धरलं. बावीस होते, फुगलेल्या पोटांचे. एरवी अशा जाळ्यावर अख्खी रांग ओरडते. आज झेनिर आपल्या जाळ्याच्या गाठी बघत राहिला. डॉल्फिन कुणाच्या इतक्या जवळ आलेली त्यांच्यापैकी एकानेही पाहिली नव्हती.

"बघितलंत?" दोर्वालिनो खोकत, हसत म्हणाला. "कशी आली माझ्याकडे! बाकी कुणाकडे येते अशी?"

इझालटिनोने ओझं खांद्यावर घेतलं.

"नाही येत, दाजी," तो म्हणाला. "आता तिलासुद्धा कळलं."